वेळ नसलेला आकडा

गायकवाड साहेबांना कुठलाही आकडा सांगा, ते आधी विचारायचे, "कधीचा?" नातवाला एकशे एक ताप आहे म्हणून मी अर्धी सुट्टी मागायला गेले, तर म्हणाले, "मावशी, ताप किती वाजता मोजलात?" राग आला मला. पण खरं सांगायचं तर मोजला होता सकाळीच. "मग आत्ताचा तुम्हाला माहीतच नाही. निघा लवकर," म्हणाले आणि लगेच सोडलं.

आमचा छोटा कारखाना आनंदनगरच्या एमआयडीसीत. शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारे डबे बनवायचो. मी तारा जोडायला, साहेब इंजिनीयर. आमचा डबा आकडा पाठवायचा आणि दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह तो वाचून ठिबकचं पाणी सोडायचा.

बदलापूरच्या पलीकडे म्हात्र्यांच्या भेंडीत दोन्ही बसवले होते. लोडशेडिंग तेव्हा रोजचंच. लाइट परत आली की आमचा डबा सकाळचा, पाणी देण्याआधीचा कोरडा आकडाच पुन्हा पाठवायचा. व्हॉल्व्हला काय कळणार? भिजलेल्या मातीत पुन्हा पाणी. आठवडाभर हेच चाललं आणि रोपं मुळातून सडली.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, म्हणाले, चूक व्हॉल्व्हवाल्याची. साहेब मात्र मला घेऊन म्हात्र्यांच्या बांधावर गेले आणि चूक आमची, आकड्यावर वेळ लिहिलीच नव्हती, असं सरळ सांगून मोकळे झाले. म्हात्रे शांतपणे म्हणाले, "तुमचं डबं येकामेकाशी बोलत नाय, आन् भेंडी मरते माझी."

मग साहेबांनी एक पान लिहिलं. डबा कुठल्याही कंपनीचा असो, आकड्यासोबत तो कुठल्या डब्याचा, कुठल्या मापातला, किती वाजताचा हे गेलंच पाहिजे, आणि सगळ्यांचं एकाच क्रमाने. शेठ उल्हासनगरचे सिंधी, बोलायला गोड. "साईं, आपला डबा सगळ्यांशी बोलायला लागला, तर उद्या आपण स्वतःचा व्हॉल्व्ह बाजारात आणू तो घेणार कोण?"

साहेबांनी तरी व्हॉल्व्हवाल्याला आणि आमच्यासारखेच डबे बनवणाऱ्या आणखी एकाला अंबरनाथच्या एका हॉटेलात बसवलंच. पानातल्या मजकुरावर कोणी भांडलं नाही म्हणे. भांडण झालं ते वर नाव कोणाचं यावरून. शेवटी साहेबांनी सगळी नावं खोडली, पहिलं स्वतःचं. दोघांनी सह्या केल्या. व्हॉल्व्हवाल्याने शेठना कळवलं की, वेळ नसलेला आकडा यापुढे आम्ही घेणार नाही. शेठनी पान मान्य केलं, आणि साहेबांना कामावरून काढलं.

जाताना मी म्हटलं, खाली बारीक तरी नाव टाकायचं होतं.

"नाव टाकलं की पान माझं होतं, मावशी. मग दुसरा वापरेल कशाला?"

पुढच्या उन्हाळ्यात मी म्हात्र्यांकडे गेले होते. लाइट गेली, आली, व्हॉल्व्ह बंदच राहिला. म्हात्र्यांनी दोन किलो भेंडी बांधून दिली, त्या सायबाला द्या म्हणून. साहेबांचा पत्ता कारखान्यात कोणाकडेच नव्हता. दोन दिवस वाट पाहिली, मग भाजी मीच केली.