डिंकाच्या लाडवांतली खसखस

विमानांना वाट दाखवणाऱ्या नोकरीची जाहिरात तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मला सत्ताविसावं संपत आलं होतं, आणि अर्जाची वयोमर्यादा होती सत्तावीस. म्हणजे हा शेवटचा डाव. आधी दोनदा मी लेखी परीक्षेतच आपटले होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन संगमनेरच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना आरसे आणि भिंगं शिकवत होते. आमच्या गावात बऱ्याच जणांची समजूत होती की मी हवाई सुंदरी व्हायला निघालेय, आणि माझ्याकडे बघून त्यांना ते काही पटत नव्हतं.

या खेपेला लेखी निघाली. मुंबईला बोलावणं आलं. तिथे कागदपत्रं बघणार, आवाजाची चाचणी घेणार, आणि उमेदवार नशेचा कुठला पदार्थ घेत नाही ना यासाठी लघवी तपासणार. त्यात काही सापडलं तर उमेदवार बाद, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचून सोडून दिलं. आमच्या घरात वडिलांची तंबाखूसुद्धा आईने सोडवलेली, तिथे नशा कुठून येणार?

मला भीती होती ती आवाजाच्या चाचणीची. समोर तीन-चार अनोळखी माणसं बसणार, इंग्रजी उतारा वाचायला देणार, आकडे म्हणायला लावणार. अडखळायचं नाही, घाई करायची नाही. मी घाईत बोलते. रागावले की आणखी घाईत.

माझी ही खोड काढायचं काम वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, अंगावर घेतलं. ते साखर कारखान्याच्या यार्डात माईकवरून उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारतात. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, सगळ्यांना आधी आत घुसायचं असतं, आणि आप्पा त्यांना एकेक करून वजनकाट्यावर सोडतात. ड्युटीला जायच्या आधी ते ओट्यावर बसून मला आकडे सांगायचे. मी शेंगा सोलत सोलत ते परत म्हणायचे.

"पळू नको," ते म्हणायचे. "मागं कुनी लागलंय का तुझ्या?"

आईचा वाटा लाडवांचा. दहावीपासून माझ्या प्रत्येक परीक्षेला ती डिंकाचे लाडू करते. माझा अभ्यास तिला कळत नाही, पण अभ्यासानं माणूस वाळतो याबद्दल तिची खात्री आहे. मी खरोखरच वाळले होते, झोपही उडाली होती. रोज सकाळी दोन लाडू, आणि ते संपेपर्यंत ती समोरून हलायची नाही.

मुंबईला जायला चार दिवस राहिले होते. सकाळची वेळ. एका हातात चहा, ताटलीत दुसरा लाडू, आणि मी मोबाईलवर आम्हा उमेदवारांचा गट उघडला. एका मुलीनं लिहिलं होतं, तपासणी होईपर्यंत कुणी खसखस खाऊ नका, ती अफूच्याच बोंडातली असते, लघवीत दिसू शकते. खाली वाद पेटलेला. कुणी म्हणत होतं दोन दिवस दिसते, कुणी म्हणत होतं आठवडाभर, कुणी म्हणत होतं सगळ्या अफवा आहेत.

मी ताटलीकडे बघितलं. लाडवात बारीक पांढरे दाणे होते.

"आई, ह्यात खसखस घातलीय?"

"घातली की." ती चुलीपुढे भाकरी थापत होती. "यंदा जरा जादाच घातली. झोप लागत न्हाई म्हनतीस ना. खसखशीनं झोप येती."

"जादा म्हणजे किती?"

"वाटीभर. का गं, कडू लागतीय का?"

मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. "तू माझं वाटोळं केलंस," मी म्हणाले. "तीन वर्षं मी मर मर मरतेय, आणि तू मला अफू चारलीस."

आईचा हात भाकरीवर थांबला. "म्या?" ती म्हणाली. "म्या तुला नशा चारली?"

तव्यावरची भाकरी जळायला लागली, तरी ती माझ्याकडेच बघत राहिली. जी खसखस बाळंतिणीच्या खिरीत घालतात, अनारशाला लावतात, वाण्याकडून उजळ माथ्यानं आणतात, तिच्यात तिला वावगं काय दिसणार होतं? हे मला बोलतानाही कळत होतं. मी उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बहुतेक काही होणार नाही, आता खाऊ नका, पाणी भरपूर प्या. त्यातलं पाणी मी ऐकलं, आणि 'बहुतेक' डोक्यात घेऊन बसले.

दुपारी आईनं लाडवांचा डबा रिकामा केला. मग तिच्या ध्यानात आलं की वर्षभराच्या काळ्या मसाल्यातही खसखस आहे. मसाल्याची बरणी ती शेजारणीला देऊन आली. का देतेय ते सांगितलं नाही. मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यानं दोनदा धुतलं. तेव्हापासून घरात सगळ्यांना नुसत्या मीठ-मिरचीची भाजी. माझ्याशी ती बोलत नव्हती, पण तासातासाला पाण्याचा तांब्या भरून माझ्याजवळ ठेवून जात होती. मी पीत होते आणि मीही बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आकडे म्हणताना मी चारदा चुकले. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आकडे. आदी आईसंगं बोल."

"चाचणी झाल्यावर बोलेन."

"आत्ता काय झालंय?"

उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी बाद झाले असते तर दोष द्यायला मला कुणीतरी लागणार होतं, म्हणून मी माफी राखून ठेवली होती. इतकी हिशेबी मी परीक्षेतसुद्धा कधी नव्हते.

निघायच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. "मी येनार," एवढंच म्हणाली. एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, आणि नाशिक मागे पडेपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. मी मनातल्या मनात इंग्रजी उतारे वाचत होते आणि दर ओळीला अडखळत होते.

चाचणीच्या जागी नातेवाइकांना आत घेत नव्हते. आई फाटकाबाहेर झाडाखाली बसली.

आवाजाची चाचणी निभावली. त्या माणसांनी मला मध्येच थांबवलं नाही, एवढ्यावरच मी खूश होते. नंतर तपासणीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, सध्या घेत असलेल्या औषधांचा. पेन हातात घेऊन मी बसून राहिले. खसखशीचं लिहिलं तर आपणहून संशय ओढवून घेणार, न लिहिलं आणि तपासणीत दिसली तर खोटारडी ठरणार. शेवटी लिहिलं, 'घरचे लाडू, खसखस घातलेले, चार दिवसांपूर्वीपर्यंत.' 'लाडू' हा शब्द दोनदा खोडून परत लिहिला.

फॉर्म घेणाऱ्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला. नमुना दिला आणि बाकावर बसले. माझ्या आधीच्या एका मुलाला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लागलं. तो बाहेर येईपर्यंत मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या, आणि मोजणी प्रत्येक वेळी वेगळी आली. मग माझा नंबर पुकारला. बाईंनी कागद पुढे केला, सही कुठे करायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "काही निघालं नाही. जा."

मी बाहेर आले. मला बघून आई उठली, पण जवळ आली नाही. तिच्या हातात वाण्याची पुडी होती, खसखशीची, निम्मी उरलेली, आणि रुमालात बांधलेला एक लाडू.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"सायबाला दावायला. वॉचमनला म्हनलं, मला आत सोड, लाडू म्या केल्यात, पोरीला ठावं नव्हतं. त्यानं सोडलं न्हाई." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं गं? माझ्यामुळं काय झालं तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यामुळं काही झालं नाही."

ती तिथेच फुटपाथवर खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मीही तिच्याजवळ बसले. हेच वाक्य मला चार दिवसांपूर्वी चुलीपुढे म्हणता आलं असतं. ते म्हणायला मी तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबले होते.