तांबरममधली हाक

देवावर माझा विश्वास होता, पण शेजाऱ्यावर असतो तसा. अडलं तर बोलावू, एरवी आपापली दारं बंद. त्या वर्षी आमच्या राजीला, म्हणजे थोरल्या मुलीला, टायफॉइड झाला. ताप उतरला, पण पायांतलं बळ गेलं; भिंत धरूनही पोर उभी राहीना. बायकोनं तिरुपतीच्या वेंकटेशाला परस्पर सांगून टाकलं, की राजी चालू लागली तर पुरट्टासी या तमिळ महिन्यातल्या शनिवारी घरचा पुरुष पिवळं नेसून दारोदार तांदूळ मागेल आणि त्याच तांदळाचा नैवेद्य होईल. आमच्या तंजावरी मराठी घरांत ही रीत जुनीच. राजी चालू लागली. नुसती चालू नव्हे, जिन्यावरून उड्या मारू लागली. आणि आता नवस फेडायची पाळी माझ्यावर आली.

मी कचेरीत कारकून. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून जॉर्ज टाउनच्या गल्ल्या तुडवायच्या, हमाल, फुलवाल्या, भिकारी, बैरागी टिपायचे, हा माझा नाद. विचारलं की माणूस लाकडासारखा ताठ होतो, म्हणून मी कुणाला विचारत नसे. आता तांब्या घेऊन रस्त्यात मीच उभा राहणार! मी बायकोला म्हटलं, "उत्तम तांदूळ विकत आणून देतो की." ती म्हणाली, "विकतचा नक्को. मी देवास शब्द दिलाहे. मागाया तुम्हींच जायाचं." आमच्या वेस्ट मांबलममध्ये निम्मा रस्ता ओळखीचा. म्हणून मी पिवळं नेसलो, कपाळावर नाम ओढला, तांब्याला तुळस गुंडाळली आणि लोकलनं थेट तांबरम गाठलं, अगदी शेवटचं स्टेशन.

तिथल्या एका शांत गल्लीत शिरलो खरा, पण "गोविंदा" अशी हाक मारल्याशिवाय भिक्षा मागता येत नाही, आणि हाक घशातून निघेना. एका फाटकाशी मी मुकाट उभा राहिलो. आतल्या बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि "पुढे जा" म्हणून हात हलवला. पुढच्या फाटकाशी तर कुणी बाहेरच आलं नाही. रिकामा तांब्या घेऊन घरी गेलो तर बायकोचा देवाजवळचा शब्द मोडणार होता, आणि मोडणारा मी. मी खरंच रडायच्या बेतात होतो. तेवढ्यात खट् असा आवाज झाला. शटरचा आवाज मला झोपेतही कळतो.

समोरच्या घराच्या फाटकात पिकल्या केसांचे एक गृहस्थ माझ्यावर कॅमेरा रोखून उभे होते. मी कसाबसा म्हणालो, "सार, फोटो वेंडाम, नको. मुलीसाठी नवस फेडतोय." आमच्यात मानतात की नवसाची भिक्षा ही मागणारा, देणारा आणि देव एवढ्यांतलीच, तिचं चित्र काढलं की तिचा तमाशा होतो. हे सगळं सांगायला लागलंच नाही. त्यांनी कॅमेरा लगेच खाली घेतला. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस होता. "माफ करा," ते तमिळमध्ये म्हणाले, "माझ्या दुखण्यात माझी आई अनवाणी वेलांकण्णीच्या चर्चला गेली होती. नवस म्हणजे काय ते मला माहीत आहे. एकच काढलाय, तोही आत्ता घालवतो." आणि त्यांची बोटं कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाकडे गेली.

भर उन्हात ते झाकण उघडलं की एक फोटो नव्हे, अख्खा रोल जातो. त्या माणसाची सबंध सकाळ माझ्यापायी वाया जाणार होती. माझे दोन्ही हात तांब्याला गुंतलेले. "थांबा!" असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि गल्ली दणाणून बाहेर पडलं, "गोविंदा!"

कुत्री भुंकली. पटापट दारं उघडली, बायका ओंजळीत, वाटीत तांदूळ घेऊन आल्या. मघाशी मला पुढे पाठवणाऱ्या बाईसुद्धा. ते गृहस्थ झाकणावर बोटं ठेवून थिजले, मग हसू लागले, आणि मलाही हसू आवरेना. "रोल राहू द्या," मी म्हणालो, "तो एक तेवढा छापू नका." त्यांनी मान डोलावली आणि घरात हाक दिली. त्यांची बायको ताटलीत तांदूळ घेऊन आली, पण फाटकाशीच थबकली. "आम्ही चर्चला जाणारी माणसं. आमचा चालेल ना तुमच्या देवाला?" मी तांब्या पुढे केला. मागायला निघालेल्यानं निवडानिवड कसली करायची?

घरोघरचा तो तांदूळ, कुठला उकडा, कुठला कच्चा, एकत्र कसला शिजतोय! नैवेद्याचा गोड पोंगल निम्मा मऊ, निम्मा कचकचीत झाला. "देवास दात अहेत, खाइल," बायको म्हणाली. राजीनं दोनदा मागून घेतला.

अजूनही मी जॉर्ज टाउनमध्ये कॅमेरा घेऊन फिरतो. कुणी पदर ओढला, हात आडवा केला, की कॅमेरा खाली घेतो आणि नमस्कार करून पुढे होतो. एखादं चांगलं चित्र हुकतं, पण जीव तळमळत नाही. देवानं माझा तांब्या भरला, हे तर आहेच. पण मला साधं मागताही येत नव्हतं, तेव्हा मागण्याची हाकसुद्धा त्यानंच पुरवली. मग हुकलेल्या चित्रांचं ओझं मी कशाला वाहत बसू?