युकुलेलेला दोन बटणं

"पोरगं धरलं, तर हे सुटलं," असं म्हणत वर्षाताईंनी युकुलेले माझ्या टेबलावर ठेवलं. तळाशी तडा गेला होता.

लातूरला माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. हार्मोनियम, गिटार जास्त येतात, युकुलेले क्वचित. गिटारचं धाकटं भावंड म्हणा. चार तारा, छातीशी धरून वाजवायचं. वर्षाताई औशाजवळ विशेष मुलांच्या शाळेत शिकवतात. गाणं चालू असताना एक मुलगा उठून गेटकडे पळाला. बाहेर सोलापूरचा रस्ता. ताईंनी धावत जाऊन त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"पट्टा नव्हता?"

"होता की." त्यांनी तो पिशवीतून काढला. गळ्यात घालायचा, आणि खालचा हुक वाद्याच्या मधल्या गोल भोकात अडकवायचा. सोपा प्रकार. पण एक हात कायम वाद्यावर लागतो. हात काढला की वाद्य पुढे कलंडतं, हुक निसटतो.

सोबत त्यांचे मुख्याध्यापक होते. "मी तर म्हणतोय, हे बंदच करा. मोबाइलवर गाणं लावा."

"मोबाइलवर लावलं की लेकरं जागची हलत न्हाईत, सर. हे वाजलं की माझ्याजवळ येतात."

सरांनी तडा बोटानं चाचपला. मग मला म्हणाले, "परत पडणार न्हाई, अशी काही सोय हाय का?"

"हाय. पण भोकं पाडावी लागतील."

पट्ट्याची दोन टोकं अडकवायला वाद्यावर दोन बटणं बसवतात. एक तळाला, दुसरं मान जिथे पोकळ पेटीला जुळते तिथे. मानेकडचं लाकूड भरीव असतं. तळाकडे आतून लाकडी ठोकळा हवा. छोटा आरसा आत घालून पाहिलं, तर ठोकळा अगदीच पातळ. त्यात स्क्रू धरला नसता. मग सागाचा तुकडा घासून गोल भोकातून आत सरकवला आणि सरसानं चिकटवला. तडाही भरून घेतला. सगळं नीट वाळू दिलं. स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडलं, स्क्रूला साबण लावला आणि हळूहळू पिळत गेलो. लाकूड कुरकुरलं की थांबायचो.

ताई घ्यायला आल्या तेव्हा पट्टा खांद्यावर चढवून दिला.

"आता हात सोडा."

त्यांनी एक सोडला.

"दुसरा पण."

"भ्या वाटतंय हो."

मी वाद्याखाली माझा हात धरला. मग त्यांनी दुसरा सोडला. मी माझा हात बाजूला घेतला. वाद्य पोटाशी लटकत राहिलं. ताई बराच वेळ रिकामे हात तसेच धरून उभ्या होत्या.

पुढे शाळेची हार्मोनियम बघायला गेलो, तेव्हा त्यांचा तास चालू होता. वाजवता वाजवता त्या थांबल्या, दोन्ही बाजूंच्या मुलांचे हात धरले आणि गोल फिरू लागल्या. गाणं नुसत्या आवाजावर चालू राहिलं. मुख्याध्यापक दारात उभे राहून बघत होते. मला पाहून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. चालू हाय ते ठीक हाय."

आता पट्टा मागायला कुणी आलं, की वाद्य नंतर बघतो. वाजवत नसताना तुमचे हात काय करतात, ते आधी विचारतो.