लांबीही हवी, वळणही हवं

केसांवरून कुणी भांडतं का, असं ज्यांना वाटतं त्यांना सख्ख्या बहिणी नसाव्यात. मास्तरीण आणि तिची ताई केसांवरून साडेचार वर्षं भांडल्या, आणि तीही केसांबद्दल एक अक्षर न बोलता.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. शिवणकामाच्या कारखान्यात जो कापड बेततो आणि कापतो त्याला मास्तर म्हणतात. ही बाई, म्हणून मास्तरीण. पंचवीस वर्षं ती मोठ्या घेराचे झगे कापत आली होती. गळ्यात कायम मापाची टेप, कानावर खडू, आणि तोंडात एकच वाक्य: "माप दोनदा, कात्री एकदा." हाताखाली शिकून गेलेल्या बायका अजून तिची नक्कल करतात, आणि कापताना तिचंच ऐकतात.

तिचे केस मात्र कुणाचंच ऐकत नसत. सरळ म्हणावेत तर सरळ नव्हेत, कुरळे म्हणावेत तर तेही नव्हेत. लाटालाटांचे, दाट, आणि डाव्या बाजूला उजवीपेक्षा जास्त हट्टी. लहानपणापासून ते मानेच्या खाली कधी उतरले नव्हते, कारण ताईची कात्री. ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि घरच्यांसाठी तिचा एक नियम होता: महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी तिच्याकडे जेवायला यायचं आणि जेवणाआधी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून केस कापून घ्यायचे. नवरे, पोरं, सुना, कुणाला सुटका नव्हती. फवाऱ्याच्या बाटलीने डोकं चिंब करायचं, बारीक कंगव्याने केस ताणून सुतासारखे सरळ करायचे आणि कचाकच कापायचे, ही ताईची पद्धत. "माझ्या हातून डोकं वाकडं बाहेर जात नाही," असं ती अभिमानाने सांगायची. स्वतःचे केस ती रोज सकाळी इस्त्री करून पाटीसारखे सपाट करायची. दोघी बहिणींचे केस एकाच आईचे होते, हे परक्याला सांगून पटलं नसतं.

मास्तरीण चव्वेचाळीस वर्षांची असताना एका पहिल्या रविवारी ताईने तिच्या डोक्यावर फवारा मारला आणि मास्तरीण खुर्चीतून उठली. मानेवरून पाणी ओघळत होतं.

"मला केस वाढवायचेत," ती म्हणाली. "कंबरेपर्यंत. आणि हे असेच, लाटांचे."

ताई हसली. "झिपरे, तुझे केस वाढत नाहीत, पसरतात. लांब हवेत तर सरळ करून घे. लाटा हव्यात तर आखूड ठेव. दोन्ही मिळायचं नाही."

"दोन्हीच हवंय."

"मग माझ्या खुर्चीत परत बसू नकोस."

झालं. ताईने बोलायला एक क्षण घेतला आणि मास्तरणीने ते पाळायला साडेचार वर्षं. दर पहिल्या रविवारी ती यायची, भाजी चिरू लागायची, भाच्यांच्या नोकऱ्यांवर बोलायची, ताईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. खुर्चीकडे बघायची नाही. ताईही तिच्या डोक्याकडे बघायची नाही. केस सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर दोघी बोलायच्या.

आता, ह्या वयात हा नसता उद्योग कशाला, असं तिला बऱ्याच जणांनी विचारलं. ती म्हणायची, "आजवर दुसऱ्यांच्या मापाचं कापलं. हे एक माझ्या मापाचं." ह्यावर कोण काय बोलणार?

शेंडी तुटो की पारंबी, ती मागे हटली नाही. पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. केस खाली न जाता बाजूंना गेले आणि ती छत्री उघडल्यासारखी दिसायला लागली. मग एकेक गोष्ट तिला कळत गेली. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. ओल्या केसांतच, मोठ्या दातांचा, आणि खालून वर सोडवत यायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, मऊ सुती कापडात दाबून पाणी टिपायचं. त्यासाठी नवऱ्याचे बनियन एकामागून एक नाहीसे व्हायला लागले. नवरा गाड्या दुरुस्त करणारा, शांत माणूस. "घरात केस वाढतायत आणि माझे कपडे कमी होतायत," एवढंच तो म्हणाला. उशीला तिने अस्तराच्या गुळगुळीत तुकड्यांचा अभ्रा शिवला, म्हणजे लाटा चुरगळायच्या नाहीत. कपाटाच्या दाराला पाठ लावून ती दर महिन्याला नवऱ्याकडून खडूची रेघ मारून घ्यायची. रेघ खाली खाली सरकत गेली. खांदे, पाठ, मग पाठीचा मध्य.

चौथ्या वर्षी रेघ कंबरेच्या पट्ट्यापासून चार बोटांवर आली आणि मास्तरणीच्या लक्षात आलं की ताईचं म्हणणं खरं ठरतंय.

लांबी आली होती, लाट गेली होती. डोक्यावर केस चपटे, कानांपर्यंत चपटे, खांद्यांपर्यंतही चपटे, आणि तिथून खाली कुठे थोडीशी वळणं. केसांचं स्वतःचंच वजन त्यांना ओढत होतं. जितके वाढतील तितके सरळ होणार. कापावेत तर लांबी जाते, वाढवावेत तर लाट. ताईने हे दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि हिला ते कळायला चार वर्षं लागली, ह्याचा तिला केसांहून जास्त राग आला.

रागाच्या भरात माणूस आपली विद्या विसरतो. एका सुट्टीच्या दुपारी घरात कुणी नसताना तिने केस धुतले, वरचा थर पुढे घेऊन जेवणाच्या टेबलावर पसरला, कंगव्याने ताणला आणि हलू नयेत म्हणून केसांवर कापडावर ठेवायची लोखंडी वजनं ठेवली. हनुवटी टेबलावर टेकलेली, डोळ्यांसमोर काळोख. तशातच तिने टेप लावली, खडूने टेबलावर आडवी रेघ आखली आणि मोठ्या कात्रीने एका दमात कापलं. न धुतलेल्या कापडाला जी बाई कधी कात्री लावू देत नाही, धुतल्यावर आटतं म्हणून, तिने स्वतःचे केस ओले, ताणलेले आणि वजनाखाली दाबलेले कापले.

केस वाळले. वाळता वाळता उजवी बाजू चार बोटं वर गेली आणि डावी सहा. मागे लांब केसांचा पडदा आणि त्यावर तिरका जिना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

नवरा घरी आला, त्याने पाहिलं, तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून परत मिटलं. मग त्याने मुकाट्याने चहा टाकला. मास्तरीण त्या दिवशी रडली, आणि रडले नाही असं तिने कुणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून ती कामावर गेली. कारखान्यात तेव्हा उरेब कापाचे झगे चालले होते. उरेब म्हणजे कापड सरळ न धरता तिरकं धरून कापणं. असं कापड अंगावर सुंदर पडतं, पण स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं, आणि सगळीकडे सारखं ओघळत नाही. म्हणून उरेब झगा शिवला की त्याची खालची कड लगेच कापायची नाही. दोन दिवस तो टांगून ठेवायचा, त्याला काय ओघळायचं ते ओघळू द्यायचं, मग टांगलेल्या जागीच खुणा करायच्या. हा नियम मास्तरणीने स्वतः भिंतीवर लिहून लावलेला होता.

कारखान्यात इस्त्री करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी रुमालाखाली डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, झग्याला दोन दिवस टांगून ठेवतेस, आणि स्वतःच्या डोक्याला दोन तास दिले नाहीस?"

मास्तरीण हातातली कात्री तशीच धरून झग्यांकडे बघत राहिली. त्यातला एक झगा तिनेच गेल्या आठवड्यात हलका केला होता. फार जड पडत होता म्हणून आतल्या थरांतलं कापड काढलं आणि बाहेरच्या कडेला हातही लावला नाही. लांबी तीच राहिली होती आणि घेर फुलला होता.

मग ती कामाला लागली. आधी जिना थोडा वाढावा म्हणून तिने चार महिने वाट पाहिली, आणि तेवढ्यात खालची कड पट्ट्याला टेकली. मग केस धुऊन, टिपून, हवेवर वाळवून ती दोन दिवस केस मोकळे सोडून कामावर आली. "आज काय, कुणाला घाबरवायचंय?" असं चारजणींनी विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मावशींना मागे उभं केलं, दोन आरसे लावले, आणि कोरड्या, आपल्या मर्जीने पडलेल्या केसांत जिथे जिथे कापायला हवं तिथे लाल दोऱ्याची एकेक सैल गाठ बांधून घेतली. बावीस गाठी, दोन-चार जिन्याच्या कडांना आणि बाकी सगळ्या आतल्या थरांत. डावीकडच्या उजवीपेक्षा दोन बोटं खाली, कारण डावी बाजू जास्त वर उडते. सगळ्यात लांब थराला एकही दोरा नाही.

खुणा झाल्या. कापणार कोण? पाठीमागचं स्वतःला कापता येत नाही, हे तिने टेबलावर सिद्ध केलं होतं. बावीस ठिकाणी न चुकता कात्री लावील असा हात तिला एकच माहीत होता. तो हात ओल्यावर कापत होता, आणि त्याच हाताने साडेचार वर्षांपूर्वी तिला खुर्ची बंद केली होती. ताईने हट्ट केला तर साडेचार वर्षं दहा मिनिटांत जमिनीवर पडणार होती. न जावं तर जिना राहणार होता, आणि ती रिकामी खुर्चीही.

पहिल्या रविवारी ती डोक्यात बावीस लाल दोरे घेऊन ताईकडे गेली आणि न बोलता खुर्चीत बसली. भाचा बोलता बोलता थांबला.

ताई मागे आली. एक दोरा उचलून बघितला. "हा काय पोरखेळ?"

"खुणा आहेत."

"पस्तीस वर्षं केस कापतेय मी. मला दोरे बांधून शिकवतेस?"

"शिकवत नाही ताई. माप देतेय. मापाशिवाय मी कुणाचं कापत नाही, आणि आता कुणाला कापू देत नाही."

ताईने फवाऱ्याची बाटली उचलली. मास्तरणीने वळून तिचं मनगट धरलं.

"कोरडे काप."

"कोरडे केस कुणी कापतं का?"

"ओले केस खोटं माप देतात. मी स्वतः फसलेय. कोरडे कापायचे असतील तर काप, नाहीतर मी ही अशीच जिना घेऊन जेवायला बसते."

ताईने मनगट सोडवून घेतलं नाही. तिने इतरांना म्हटलं, "जा रे, पानं घ्या तुम्ही." सगळे आत गेल्यावर तिचा आवाज उतरला.

"मला कोरडे कापता येत नाहीत गं. कधी कापलेच नाहीत."

"का?"

"आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि मी बारा. बाबा पहाटे कामावर जायचे. शाळेआधी तुझे केस मला विंचरायला लागायचे. कंगवा अडकायचा, तू किंचाळायचीस. ओले केले की कमी रडायचीस, म्हणून मी ओले करायला लागले. पुढे तेवढ्यानेही भागेना. एक दिवस तू रडत होतीस, मीही रडत होते, घंटा होऊन गेली होती. कात्री घेतली आणि कापून टाकले. त्या दिवशी तू पहिल्यांदा हसत शाळेत गेलीस. मला वाटलं, जमलं आपल्याला."

मास्तरणीला हे काही आठवत नव्हतं. तिला फक्त कात्री आठवत होती. इतकी वर्षं तिने ताईला ज्या गोष्टीसाठी मनात धरलं होतं, तिच्या मागे बारा वर्षांची एक घाबरलेली मुलगी उभी होती. तरी ती खुर्चीतून उठली नाही आणि हट्टही सोडला नाही.

"आता मी रडत नाही," ती म्हणाली. "बाटली ठेव. एकेक दोरा घे. एक कापलास की थांब, तो किती वर जातो ते बघ, मग दुसरा."

ताईने बाटली खिडकीत ठेवली. कंगवाही ठेवला. बोटांनी पहिला दोरा शोधला, बट वेगळी केली आणि कात्री लावायच्या आधी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

कात्री चालली. कापलेली बट हलकी होऊन वर उचलली गेली आणि वळली. ताईने ती बोटावर घेऊन पाहिली, सोडली, परत पाहिली. मग दुसरा दोरा. "दुखतंय का?" केस कापताना दुखत नाही हे पस्तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. तरी ती प्रत्येक दोऱ्याला विचारत राहिली, आणि मास्तरीण प्रत्येक वेळी नाही म्हणत राहिली. आत जेवणं आटोपली, भांडी वाजली, कुणीतरी दारातून डोकावून परत गेलं.

बाविसावा दोरा जमिनीवर पडला.

"दुखलं का गं, झिपरे?"

"कधीच नाही दुखलं, ताई."

हे खोटं होतं, आणि दोघींना ते माहीत होतं. ताईने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची आरशाकडे फिरवली. लाट डोक्यापासूनच सुरू होत होती. मास्तरणीने गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली, आणि ताईने न ताणता, केस जसे पडले होते तसे, माप घेतलं. शेवटचं टोक बरोबर पट्ट्यावर टेकलेलं होतं.

ताईने टेपवर दोनदा नजर टाकली. मग तिने स्वतःच्या इस्त्री केलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि केर भरायला झाडू आणला.

"पुढच्या महिन्यात येताना थोडा दोरा जास्त आण," ती झाडता झाडता म्हणाली.