तापल्याशिवाय कल्हई धरत नाही

बेळगावच्या खडेबाजारामागच्या बोळात परशराम अण्णांचं कल्हईचं दुकान आहे. स्टील आलं तशी पितळेची भांडी माळ्यावर गेली, पण अण्णांनी दुकान बंद केलं नाही. गिऱ्हाईक येत नाही ही गिऱ्हाइकाची चूक, असं त्यांचं मत. जगात जे बिघडतं ते कल्हई गेल्यामुळं, हे दुसरं मत. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तशी माणसंही कळकतात, असं म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी त्यांचा खासबागेतला शेजारी.

त्यांची नात रचना बेळगावातच एका प्रयोगशाळेत संशोधन करते. विषय रेडॉक्स प्रथिनं. नात रेड्यावर अभ्यास करते, असं अण्णांनी गल्लीभर सांगून ठेवलं. एक दिवस गुंडू गवळी म्हशीची तक्रार घेऊन दारात उभा राहिला. रचनानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

गेल्या थंडीत अण्णांच्या बायकोला, जयाबाईंना, न्यूमोनिया झाला. त्या वाचल्या, पण अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. यंदा थंडीआधी डॉक्टरांनी दोघांनाही फ्लूची लस घ्यायला सांगितलं. जयाबाई ऐकेनात.

“म्हातारपणी कशाला टोचून घ्यायचं? आता काय लगीन लावायचंय व्हय माझं?”

रचना समजवायला बसली. जंतू मारायला आपल्या पांढऱ्या पेशी जहाल रसायन सोडतात. ते त्यांच्याही अंगावर उडतं आणि त्या आतून गंजायला लागतात. तो गंज उतरवणारी ही रेडॉक्स प्रथिनं पेशीतच असतात. वय झालं की त्यांचं काम मंदावतं, पेशी थकतात, लसही तरुणांइतकी लागू होत नाही. “तरी घ्यायची, आज्जी. जेवढं बळ मिळंल तेवढं आपलंच.”

“म्हंजे कल्हई,” अण्णा म्हणाले.

“तसंच समजा, आज्जा.”

तसंच समजा म्हणायला नको होतं. अण्णा लगेच बायकोकडं वळले. “जये, गावाच्या भांड्यास्नी कल्हई लावली मी. घरातलंच एक भांडं ऱ्हायलंय बघ.”

“भांडं कुणाला म्हंतासा?” म्हणून जयाबाई आत गेल्या आणि दिवसभर भांडी आपटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र नवऱ्याच्या मागोमाग गेल्या आणि दोघंही लस घेऊन आली.

संध्याकाळी त्यांना ताप भरला. मी थर्मामीटर घेऊन धावलो. अण्णा कट्ट्यावर खुशीत बसले होते.

“तापल्याशिवाय कल्हई धरत न्हाय. भांडं तापलंय, आता धरंल.”

ताप आला तरच लस लागू झाली, असं काही नसतं, असं रचनानं सांगितलं. अण्णांनी मुकाट ऐकून घेतलं. अण्णा वाद घालत नाहीत तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

सकाळी जयाबाईंचा ताप उतरला. अण्णा मात्र उन्हात बसून घटकेघटकेला स्वतःचं कपाळ चाचपत होते. मी त्यांना थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

“माझं भांडं थंडच हाय रं,” ते म्हणाले. “न्हाई धरली. आता हिच्या आधी मी गेलो तर हिला दवाखान्यात कोण न्हेणार?”

एरवी मी त्यांची चेष्टा केली असती. त्या वेळी जमलं नाही. फार वाईट वाटलं.

जयाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून त्यांनी अण्णांच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“अवो, किती तापलाय तुमी! चला आत, पांघरूण घ्या.”

“खरंच?”

“जलमभर तुमच्या भट्टीम्होरं भाता वढलाय मी. तापलेलं भांडं मला कळत न्हाय व्हय?”

दारातून रचना काहीतरी बोलणार होती. जयाबाईंनी तिच्याकडं बघितलं, तशी ती पांघरूण काढायला वळली. अण्णा उठले आणि बायकोचा हात धरून आत गेले. मी थर्मामीटर झटकून खिशात टाकला.