बटईची कोंबडी

रुख्माकाकीच्या गोठ्यात डालग्याखाली कोंडलेली कोंबडी मी सोडली. कारण विचारल्यावर मी भूतदया सांगितली. खरं कारण एवढंच, की ती ओरडायची आणि शेजारच्या आमच्या पडवीत मला दुपारची झोप लागत नव्हती. त्रेपन्न सालचा श्रावण संपत आलेला, धानाची रोवणी आटोपलेली, मी नुकताच मॅट्रिक झालेलो. झोपण्यापलीकडं गावात मला काम नव्हतं.

कोंबडी निघाली ती सरळ अंगणात, काकीच्या बाकीच्या कोंबड्यांत, तांदळाची कनकी टिपायला. काकी वावरातून आली, तिनं एकदा अंगण पाहिलं आणि डोक्यावरचा भारा तिथंच टाकला.

"कोणं सोडली?"

"मी. बिचारी ओरडून राहिली होती."

"तू बी ओरडतेस दिवसभर. तुले सोडलं कोणी?"

काकीचा नवरा गेल्यावर वावर दिराकडं राहिलं आणि कोंबड्या काकीकडं. आमगावच्या बाजारात तिची कोंबडी हातात धरून कोणी चोच उघडून बघत नसे. "रुख्माची हाय ना? मंग दे," एवढंच. त्यामागं तिचा एक नेम होता. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी बसलीच पाहिजे. तिचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. सारी गल्ली हसायची. समोरची वच्छला म्हणायची, "काकी, पोरीले नाही बसवलं इतके दिवस बाहेर, कोंबडीले कायले?"

"पोरीपासून गल्ली मरत नाही वो," काकी म्हणायची.

तिला धाक होता मानमोडीचा. कोंबडीची मान वळायची, हिरवी हगवण लागायची आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. गोंदियाला सुई मिळते असं ऐकलं होतं, पण ती सुई आमच्या गल्लीपर्यंत आली नव्हती. काकी पाण्यात हळद घालायची, खुराड्याला लिंबू-मिरची टांगायची, नव्या कोंबडीला दूर ठेवायची. मी विचारलं, यातलं लागू काय पडतं? म्हणाली, "ते त्या रोगालेच माहीत."

आणि मी कोंबडी सोडली ती पोळ्याच्या तोंडावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी घरोघर कोंबडं शिजतं आणि वर्षातला सगळ्यात चढा भाव तेव्हाच मिळतो. काकीनं वर्षभर वाढवलेले कोंबडे विकून आपल्या पडवीवरचं गवत काढायचं आणि मातीचे कवेलू चढवायचे ठरवलं होतं.

करीच्या आदल्या दिवशी सायकलला टोपले बांधून गोंदियाचा नंदलाल व्यापारी आला. "काय बाई, माल तैयार?"

"नाही देत."

"भाव बढवू का?"

"भावाचं नाही. बाजारची कोंबडी मिसळली यांच्यात. आणखी आठ-दहा दिवस बघू दे."

"अरे, एकही तो बीमार नाही!"

"आज नाही. उद्या तुह्या गिऱ्हाइकाच्या खुराड्यात मान मोडली तं नाव कोणाचं घेशील, तुह्यं का माह्यं?"

मी मधे पडलो. "काकी, लोक उद्याच कापून खातील. खुराड्यात जातात कुठं ते?"

"सारेच कापत नाही. एखादा ठेवतेच कोणी. मॅट्रिक, तू झोप जा."

नंदलाल हसत पुढच्या गावाला गेला. करीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सारं गाव गप्प होतं. कोंबडे आरवले ते फक्त काकीचे. अजूनही गोंदियात सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मला ती पहाट आठवते. ओलं अंगण, शेणाचा वास आणि त्या गप्प गावात काकीच्या कोंबड्यांची मिजास.

मेलं एकही नाही. वच्छलेला तर आयतंच मिळालं. "काय काकी, कोणाची मान मोडली?"

"माही," काकी म्हणाली. "वाट पाहून पाहून."

पण तोवर भाव बसला होता. मातीमोल विकायचं तिच्या जिवावर आलं. कोंबडे तिनं ठेवून घेतले आणि कोंबड्या गल्लीत बटईनं दिल्या. म्हणजे कोंबडी काकीची, राखण घेणाऱ्याची, पिल्लं अर्धी-अर्धी. पडवीवर त्या वर्षीही गवतच राहिलं. एक खुडूक कोंबडी तिनं माझ्या पुढ्यात ठेवली.

"घे मॅट्रिक. आता तूच राख."

दुपारची झोप गेली ती गेलीच. घारीपासून वाचवता वाचवता पाच पिल्लं उरली. दोन काकीची, दोन माझी. पाचव्यावर दोघांची नजर.

"ठेव तूच," ती म्हणाली. "माह्यं अर्धं पुढच्या खेपेला देजो."

पुढची खेप झालीच नाही. मला गोंदियात भाताच्या गिरणीवर कारकुनी मिळाली आणि काकी लेकीकडं कोहमाऱ्याला गेली. परवा ती गोंदियाच्या बाजारात भेटली. पाठ वाकली आहे, तोंड तसंच. गर्दीतून ओरडली, "काऊन रे मॅट्रिक, माह्यं अर्धं पिल्लू?"

मी खिशात हात घातला तर चिडली. "पैसे कायले? पिल्लू होतं ते."

पुढच्या खेपेला देतो म्हणालो. घरमालक घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही, हे तिला सांगितलं नाही.