सुतकातला शॉक

ती घटना विसरावी असं मला कधी वाटलं नाही, आणि विसरताही आली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ऐन मे महिन्यात कासूच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातून खबर आली की, पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून एक सून जागीच गेली. वय चोवीस. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. उजव्या तळहातावर भाजल्याची खूण होती. घरात आठच दिवसांपूर्वी म्हातारा सासरा वारला होता. सुतक फिटायच्या आत दुसरी तिरडी उचलली गेली.

चार दिवसांनी मुलीचा बाप ठाण्यात आला. मिठागरावर राबणारा माणूस, पायाला मिठाने पडलेल्या भेगा. म्हणाला, "साहेब, माजी पोर अशी मरायची नाय. तिला मारलंय." संशय जावयावर. जावई रोह्याच्या एका कंपनीत वायरमन होता आणि घरातली सगळी वायरिंग त्याने स्वतः केली होती. त्याच आठवड्यात टपालाने एक निनावी चिठ्ठी आली. नवरा-बायकोचं पटत नव्हतं आणि नवऱ्याला विजेचं सगळं जमतं, एवढंच तिच्यात लिहिलेलं. आमचे हवालदार म्हणाले, "वायरमनच्या घरात शॉक? हलवायाच्या घरात कोणी उपाशी मरतं काय, साहेब?"

मलाही तसंच वाटलं. विद्युत निरीक्षकांना यायला पंधरा दिवस लागले, आणि त्यांच्या अहवालाने उरलीसुरली शंकाही गेली. मोटारीत विजेची थोडी गळती आहे, पण अर्थिंग चांगली चालू आहे, गळलेला करंट जमिनीत जातो. अशा मोटारीने माणूस मरू नये, असा त्याचा अर्थ. मग करंट दिला कोणी? गुन्हा दाखल झाला. जावयाला अटक केली. सात दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

तिशीच्या आतला, सडपातळ माणूस. भांडणं होत होती हे त्याने लगेच कबूल केलं. "कोणाच्या घरात नाय होत, साहेब?" बाकी तो एकच सांगत राहिला. "बापाच्या सुतकात मोटार चावायला लागली. आता नाय चावत." चावणं म्हणजे शॉक देणं.

पहिल्या दिवशी मी त्याच्या कानाखाली लगावली. हे लिहिताना लाज वाटते, पण ते झालं आहे. दुसऱ्या दिवशीही तो तेच बोलला. खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट रोज थोडी दुरुस्त करतो, असा माझा अनुभव. हा एक शब्द बदलायला तयार नव्हता. मग मी आवाज खाली आणला.

"नक्की कधीपासून चावायची?"

"बापाला नेला त्याच्या चवथ्या दिवसापासून. पयल्या नुसत्या झिणझिण्या. ती बोलली मला. मी बोललो, सुतक सरलं का खोलतो मोटार."

"आणि आता?"

"सुतक फिटलं तशी थांबली."

मोटारीला कसलं आलंय सुतक? हा आपल्याला खेळवतोय असंच मला आधी वाटलं. तरी विचारलं, "अर्थिंग कुठे दिली आहेस?"

"तुलशीत."

मला कळलं नाही. तो समजावून सांगू लागला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवावा लागतो, नाहीतर अर्थिंग काम करत नाही. पण खड्ड्यात आठवणीने पाणी घालतो कोण? तुळशीला मात्र बायको रोज सकाळी न चुकता तांब्या ओतायची. वृंदावनातली माती बारा महिने ओली. म्हणून त्याने अर्थिंगची सळई तिथेच ठोकली होती. कारागीर आपली युक्ती सांगतो तशा थोड्या अभिमानाने तो हे सांगत होता. मध्येच थांबला. माझ्या आधी त्याला उमगलं होतं. भिंतीला टेकून तो खाली बसला.

"सुतकात तुलशीला कोणी पाणी नाय घातलं, साहेब," तो म्हणाला.

पण कोठडीतला जबाब हा पुरावा नव्हे. कोठडीचे पाच दिवस उरले होते. मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला सांगितलं, मोटारीला हात लावू नका आणि पाच दिवस तुळशीला पाणी घालू नका.

"तुलस वालंल ती. सुनेनं लावलेली हाय."

"वाळू दे, आई. तुमचा मुलगा आत आहे."

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

शेवटच्या दिवशी दोन पंच आणि एक लाइनमन घेऊन आम्ही अंगणात उभे राहिलो. उन्हाने माती वृंदावनाच्या कडांपासून सुटली होती. मोटार चालू करून लाइनमनने तिच्या अंगाला टेस्टर लावला. दिवा लख्ख पेटला. मग तुळशीत दोन कळशा पाणी ओतलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला नाही. निरीक्षक आले तेव्हा सुतक फिटून तुळशीला पुन्हा रोज पाणी पडू लागलं होतं. पंचांनी सह्या केल्या.

खुनाचं कलम गळलं. हयगयीचं लावावं का, हे मी वरिष्ठांना विचारलं. त्यांनी कागद वाचले आणि नको म्हणाले. जावई सुटताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मारलंत ते बरंच केलंत."

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. आरोपी मी आधीच ठरवला होता, पुरावा नंतर शोधत होतो. त्याचं बोलणं वेड्यासारखं वाटलं म्हणून मी हात उगारला. नीट ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पुढच्या नोकरीत मी कोठडीतल्या माणसाला हात लावला नाही.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. मुलीच्या बापाला ठाण्यात बोलावून मी सगळं समजावलं. मोटार, सळई, कोरडी माती.

"म्हंजे कोणी मारली नाय तिला?"

"नाही."

"मग आता मी कोणावर रागवू, साहेब?"

मी टेबलामागून उठलो आणि त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो.